ताट आणि भोवरा

धरणाच्या वसाहतीत तिला सगळे ओळंबाबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. गवंड्याचा ओळंबा कुणाची भीड ठेवत नाही, भिंत वाकडी असेल तर वाकडी दाखवतो, तशी ही बाई. शेजारणीच्या नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात "भांडायचं तर दार लावून भांड, मला झोप लागत नाही" असं सांगून आली होती. मुकादमाच्या निरोपाच्या कार्यक्रमात सगळे डोळे पुसत असताना उठून म्हणाली होती, "कामापेक्षा सुट्ट्या जास्त घेतल्या यांनी, पण माणूस वाईट नव्हता." तिच्याशी कुणी वाकड्यात शिरत नसे, आणि सरळ वाटेनंही फारसं कुणी येत नसे.

तिचं काम तलावाची खोली मोजायचं. नदी पाण्याबरोबर माती घेऊन येते. पाणी पुढे निघून जातं, माती धरणात बसून राहते, आणि धरण म्हातारं होतं ते या मातीनं. म्हणून कोणत्या वर्षी किती गाळ बसला याचा हिशेब कार्यालयाला हवा असे. दोन्ही काठांवरच्या खांबांना तार ताणलेली, तारेला बेचाळीस खुणा. एकेका खुणेखाली होडी उभी करायची, दोर सोडायचा, वजन तळाला टेकलं की दोराला दर मीटरला बांधलेल्या रंगीत चिंध्या मोजायच्या आणि आकडा ओरडायचा. दोर ती सोडायची. होडी धरायची आणि आकडा वहीत लिहायचा हे काम तिच्या धाकट्या दिराचं.

या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. आधी हा दोर तिचा नवरा सोडायचा. तो काविळीनं गेला तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. त्याच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. सासूनं आणि दिरानं धरूनच चाललं होतं की ती दिराला मिळणार. बाईमाणूस होडीत बसून काय मोजणार? ठरलेल्या दिवशी दीर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयात पोचला, तर वहिनी मूल कडेवर घेऊन, सही ठोकून बाहेर येत होती. तो दारात उभाच राहिला. वर्षाच्या आत नावाड्याची जागा रिकामी झाली आणि ती त्याला मिळाली. ज्या दोघांना एका घरात राहवेना, त्यांना सरकारनं एका होडीत बसवलं.

सव्वीस वर्षं ते त्या होडीत आकड्यांपलीकडे एक शब्द बोलले नाहीत. ती म्हणायची, "अकरा." तो लिहिता लिहिता म्हणायचा, "अकरा." पानाच्या शेवटी दोघांच्या सह्या. झाला संवाद. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. यांनी मासे तेवढे सोडले होते. एकदा तिच्या पाठीवर गांधीलमाशी बसली. दिरानं पाहिली आणि तो गंमत बघत बसला. माशी चावली तशी ती कळवळली, पण दोर सोडला नाही. "साडेचौदा," ती ओरडली. "साडेचौदा," तो म्हणाला आणि त्यानं नीट, वळणदार अक्षरात लिहून घेतलं.

आता वजनाची गोष्ट. खोली मोजायला कार्यालयानं दिलेलं वजन म्हणजे लोखंडाची जाड, सपाट चकती. सगळे तिला ताट म्हणत. ते सपाट असल्यामुळे गाळाच्या वर जाऊन टेकायचं आणि गाळ कुठे सुरू होतो ते बरोबर कळायचं. दुखणं होतं ते वर काढताना. मऊ गाळ ताटाला धरून ठेवतो, सोडता सोडत नाही. पहिली बारा वर्षं तिनं ते दिवसाला बेचाळीस वेळा ओढून काढलं. मग तिचा उजवा खांदा गेला.

ज्या दिवशी गेला तो दिवस तिला पक्का आठवत होता. एकतिसावी खूण होती. ताट रुतलं आणि वर येईना. ती पाय रोवून ओढत होती, खांद्यातून कळ मानेपर्यंत जात होती. समोर दीर वल्हं मांडीवर आडवं घेऊन शीळ वाजवत बसला होता. "भावजी, जरा हात लावा." एवढे चारच शब्द म्हणायचे होते. त्यापेक्षा तिनं जीभ चावून तुकडा पाडला असता. पाव तास लागला, पण ताट तिनं एकटीनं वर काढलं, आणि घरी जाऊन रात्रभर मुलीला कळू न देता रडली.

दुसऱ्या दिवशी ती कोठारातून दुसरं वजन घेऊन आली. हे टोकदार होतं, खाली निमुळतं, पोरांच्या भोवऱ्यासारखं, आणि त्याचं नावही भोवराच. वरच्या अंगाला, जिथे तळ दगडी आहे तिथे हे वापरायचे. दगडावर ते बरोबर टेकतं. गाळात मात्र ते सुईसारखं आत शिरतं, आणि निघतंही तितक्याच सहज. पहिल्या खुणेला आकडा दीड मीटरनं जास्त आला. तिनं तो ओरडला. दिरानं दोराच्या टोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं. संध्याकाळी दोघांनी सह्या केल्या.

चार दिवस, खांदा बरा होईपर्यंत, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. खांदा काही बरा झाला नाही. उलट त्या वर्षीच्या वहीनं कार्यालयात आनंदीआनंद केला. गाळ आटोक्यात आला म्हणून तेव्हाच्या साहेबांचं वरून कौतुक झालं, आणि गाळ आपणहून कमी कसा झाला हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आता परत ताट लावायचं तर तळ एकदम दीड मीटर वर कसा आला हे सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी पावणेदोन मीटरचं सांगावं लागलं असतं, त्याच्या पुढच्या वर्षी दोनचं. झाकली मूठ तिनं झाकलेलीच ठेवली. फक्त एक करावं लागे. भोवरा वर आला की त्याच्या वरचा दोर गाळानं काळा झालेला असे, आधी दीड मीटर, मग पुरुषभर, शेवटी शेवटी चांगला चार मीटर. काठाला लागायच्या आत ती तो पाण्यात खळबळून धुऊन काढी. दीर तोंड फिरवून वल्हं मारत राही.

आणि तोंड? ते तर आणखी धारदार झालं. कारकुनानं तिच्या चारचा नऊ वाचला म्हणून तिनं त्याला भर कचेरीत फाडून खाल्लं. "माझा आकडा आहे तो, तुझ्या पत्रिकेतलं भविष्य नाही!" ज्याचं स्वतःचं माप खोटं असतं, तो दुसऱ्याच्या मापावर डोळ्यांत तेल घालून पहारा करतो. असली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. आरशात पाहायचं तेवढं राहून जातं.

अशी चौदा वर्षं गेली. मग नवे साहेब आले. वय तिशीचं, पॅंट कडक इस्त्रीची, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण शाळेत परत आलो असं वाटावं. एका सोमवारी त्यांनी सगळ्यांना कार्यालयासमोरच्या पटांगणात उभं केलं आणि आदेश वाचून दाखवला. विषय होता तळमोरीचा.

तळमोरी म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेली वाट. पूर आला की ती उघडायची. गढूळ पाणी तिच्यातून जोरात निघतं आणि भिंतीजवळचा गाळ खेचून बाहेर नेतं. गाळाला धरणाबाहेर जायला ही एकच वाट होती. पण ती उघडली की खालच्या वस्तीत नळाला मातीचं पाणी येई, लोक मोर्चे काढत, म्हणून नऊ वर्षं ती कुणी उघडलीच नव्हती. आता तिचा दरवाजा गंजू लागला होता.

"नोंदीनुसार," साहेब म्हणाले, "मोरीचं तोंड अठरा ते वीस मीटर खोलीवर आहे, आणि गाळ आहे तेवीसवर. वर्षाला जेमतेम चार बोटं चढतो. म्हणजे आपल्या हयातीत मोरीची गरज नाही. पुढच्या सोमवारी ती काँक्रीट भरून कायमची बंद करायची. हा निर्णय घेता आला तो या बाईंच्या वह्यांमुळे. सव्वीस वर्षांत एक खाडाखोड नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओळंबाबाईचे हात पदरात अडकल्यासारखे झाले. तिनं पाहिलं, टाळ्या न वाजवणारा आणखी एकच माणूस होता. दीर तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

त्या आठवड्यात ती रोज मनाशी एकच वजाबाकी करत राहिली. गाळ तेवीसवर नव्हता. धुतलेल्या दोराचे चार मीटर वजा केले की एकोणीस राहत. म्हणजे मोरीचं तोंड आत्ताच अर्धं बुजलेलं होतं. ते काँक्रीटनं बंद केलं की गाळाला जायला वाट नाही. नातवंडांच्या हयातीत धरणाच्या जागी चिखलाचं मैदान. तिची मुलगी खालच्या वस्तीत दिली होती, तिच्या नातवंडांच्या नळाला पाणी इथूनच जात होतं. आणि सांगायचं म्हटलं तर नोकरी जाणार होती. ती गेली तरी चाललं असतं. ओळंबाबाईचं ओळंबापण जाणार होतं, त्याची तिला जास्त भीती होती. ही भीती वाटते याचीही तिला लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "माझे चौदा वर्षांचे आकडे खोटे आहेत. मोरी बुजवू नका."

साहेबांनी आधी खुर्ची दाखवली, मग पाणी दाखवलं. तिनं दोन्ही नाकारलं आणि ताट, भोवरा सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा हळूहळू कडू होत गेला. "मी या आकड्यांवर वरती अहवाल पाठवलाय, बाई," ते म्हणाले. "माझं नाव आहे त्याच्यावर." त्यांनी दिराला बोलावून घेतलं. "यांचे आकडे खोटे आहेत असं या म्हणतात. वही तुम्ही लिहिता. काय ते सांगा."

दिरानं टोपी काढून हातात घेतली. "छे हो साहेब. वहिनींचा आकडा कधी चुकलेला नाही. सव्वीस वर्षं बघतोय मी. अशी माणसं राहिली नाहीत आता."

सव्वीस वर्षांत त्यानं केलेली ही पहिली स्तुती. तिला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि त्याच्या कपाळात घालावा. वहीवर त्याचीही सही होती आणि त्याला निवृत्त व्हायला चार महिने उरले होते, हे तिला माहीत होतं. पण एवढ्यासाठीच तो खोटं बोलला नव्हता. त्याला ती खोटीच राहायला हवी होती.

"होडी काढा," ती म्हणाली. "आत्ता."

"तुमच्या घरच्या भांडणात मला ओढू नका," साहेब म्हणाले.

"सोमवारी काँक्रीट पडलं की ते घरचं राहणार नाही. आणि तुमचं नाव आहे त्याच्यावर. आत्ताच म्हणालात."

साहेब आले, पण ते तिचं तोंड एकदाचं बंद करायला. तिघं होडीत बसले. मोरीसमोरच्या सातव्या खुणेखाली होडी उभी राहिली. तिनं आधी भोवरा सोडला. तेवीस. साहेबांनी मान डोलावली, "हेच तर वहीत आहे." तिनं तो वर काढला आणि या वेळी धुतला नाही. चार मीटर काळा, घाणेरडा वास येणारा दोर साहेबांच्या पायाशी टाकला. मग ताट लावलं आणि सोडलं. एकोणिसाव्या चिंधीला दोर सैल पडला.

"खाली एखादा ओंडका असेल," साहेब म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "दुसरीकडे टाकून दाखवा."

दुसरीकडे टाकायला आधी वर काढायला हवं. तिनं ओढलं. ताट हललं नाही. चौदा वर्षांनंतर तोच खांदा, तीच कळ. दीर वल्हं मांडीवर घेऊन काठाकडे बघत होता. साहेब मदतीला उठले आणि होडी कलली तसे मटकन खाली बसले. त्यांना पोहता येत नव्हतं. तिनं दोर कमरेला गुंडाळला आणि सगळं अंग मागे झोकून दिलं. होडीची कड पाण्याला लागली, पाणी आत येऊ लागलं.

"सोडा तो दोर!" साहेब किंचाळले. "बाई, सोडा!"

तिनं सोडला नाही. दिराकडे पाहिलंही नाही. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत चढलं तेव्हा त्यानं एक सणसणीत शिवी हासडली, वल्हं फेकलं, कडेला पाय लावला आणि दोर हातात घेतला. "मेली तरी पीळ सोडायची नाही ही! भावाला खाल्लं, नोकरी खाल्ली, आता मला बुडवते!" प्रत्येक शब्दाला एक हिसका. तीही ओढत होती आणि तोंडानं त्याच्या सात पिढ्या मोजत होती. गाळानं मोठा आवाज करून ताट सोडलं आणि दोघं एकमेकांच्या अंगावर पडले. लगेच दूर झाले, चटका बसल्यासारखे.

मग दुसऱ्या जागी टाकलं, तिसऱ्या, चौथ्या. एकोणीस. पावणेएकोणीस. एकोणीस. दर वेळी त्यानं दोर ओढला आणि दर वेळी नवी शिवी दिली. आकडे साहेब स्वतः लिहीत होते. काठाला उतरताना ते एवढंच म्हणाले, "तुम्ही मला खड्ड्यात घातलंत."

सोमवारी काँक्रीटचं यंत्र परत पाठवलं आणि तळमोरी उघडायचं ठरलं. चार माणसांनी चाक फिरवून दरवाजा उचलला. बाहेर काहीच आलं नाही. थेंब नाही. तोंड अर्धं उघडं होतं, पण नऊ वर्षांत आत शिरलेल्या गाळाचा मोरीत बूच बसला होता. ओळंबाबाई कठड्याला धरून उभी होती. उशीर झाला असेल तर तो तिनं केला होता, दुसऱ्या कुणी नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग आतून घरघर ऐकू आली, एक काळा गोळा बाहेर पडला, दुसरा पडला, आणि भिंतीच्या पायथ्यातून गाळ असा सुटला की वास सहन न होऊन माणसं मागे सरली.

तीन दिवस तो वाहत होता. चौथ्या दिवशी ताट टाकलं तर मोरीसमोर पुरे वीस भरले. तोंड मोकळं झालं होतं. दरवर्षी पुरात मोरी उघडायचीच असा आदेश वरून आला. धरण वाचलं म्हणायला हरकत नाही, पण तसं कुणी म्हटलं नाही. खालच्या वस्तीत नळाला काळं पाणी आलं. लोकांनी तिच्या दारावर बादलीभर चिखल ओतला. मुलीनं निरोप धाडला की आठ दिवस इकडे फिरकू नकोस. वसाहतीत बायका तिच्याकडे बघून नळावर मोठ्यानं हसायच्या. वाकडा ओळंबा, वाकडा ओळंबा. तिला उत्तर देता आलं असतं. पहिल्यांदाच तिनं दिलं नाही.

मग चौकशी. साहेबांच्या खोलीत दोघांना समोरासमोर बसवलं. साहेब छापील कागद भरत होते आणि मान वर करत नव्हते. दोघंही निलंबित होतेच, पण कागद पुरा व्हायला हवा होता.

"चुकीचं वजन वापरण्याचं कारण?"

"ताट ओढवत नव्हतं," ती म्हणाली. "आणि यांना हात लावा असं म्हणायचं नव्हतं."

"असं लिहिता येत नाही. उपकरणात दोष, असं लिहितो."

"उपकरणात दोष नव्हता. मी सांगते तेच लिहा."

साहेबांनी दात आवळून लिहिलं आणि दिराकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं. कळवलं का नाहीत?"

दिरानं मांडीवरची टोपी सरळ केली.

"यांनी मदत मागितली असती तर हे झालं नसतं?"

"मागितली असती तरी दिली नसती," तो म्हणाला.

"त्या दिवशी तर ओढलात."

"होडी बुडत होती."

"धरण बुडत होतं, ते दिसत नव्हतं?" हे साहेबांनी विचारलं नाही. तिनं विचारलं. आकडे आणि होडीतल्या त्या शिव्या सोडल्या तर तिनं त्याच्याशी बोललेलं सव्वीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

दिरानं तिच्याकडे नीट पाहिलं. "दिसत होतं. दर वर्षी दिसत होतं."

"मग?"

"वाटलं होतं, आधी तुम्ही बुडाल."

साहेबांचं पेन थांबलं. हे कागदावर घ्यायचं की नाही, ते त्यांना कळेना. बाहेर मोरीचं चाक फिरवणारी माणसं दरवाजा परत खाली घेत होती, त्याचा कुरकुर आवाज येत होता.

"लिहा," ती म्हणाली. "खरं सांगतायत ते."